दंतवैद्यकाचा सराव : बाहुला काय शिकवतो, काय नाही

नांदुऱ्याचा रुग्ण रेल्वेने नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात (स्थापना १९६८) जातो, तेव्हा त्याच्या तोंडात यंत्र धरणारा हात अनेकदा विद्यार्थ्याचा असतो. हा हात आधी कुठे तयार झाला, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

बीडीएसच्या पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी मेणाचे दात कोरतात. पुढे 'फँटम हेड' या धातूच्या डोक्यात बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दातांवर सराव करतात. ही कल्पना जुनी आहे. ऑस्वाल्ड फर्गस यांनी असे डोके १८९४ मध्ये तयार केले. रुग्णाला इजा न होता चुका करता येतात, हा या साधनाचा मोठा गुण. वरच्या दाढा आरशात पाहून कोराव्या लागतात आणि आरशात हालचाल उलटी दिसते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. शिक्षकांनी वर्गात मुलांना केवळ आरशात पाहून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला सांगावी. अडचण चटकन कळेल, आणि सरावाने हात सुधारतो हेही दिसेल.

पण बाहुला काही गोष्टी लपवतो. खऱ्या दाताचे एनॅमल कठीण, आतले डेंटीन त्याहून मऊ आणि किडलेला भाग आणखी मऊ असतो. हा फरक बोटांना जाणवावा लागतो. साधा प्लॅस्टिकचा दात मात्र सगळीकडे सारखाच लागतो. मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारे यंत्र पाण्याच्या फवाऱ्याविना चालवले, तर खऱ्या दाताच्या गाभ्याला उष्णतेने इजा होते. प्लॅस्टिकमधला खड्डा मात्र तरीही सुबक दिसतो, आणि केवळ आकार पाहिला तर गुणही मिळतात!

सर्वात मोठी उणीव जबड्याची. बाहुला हवे तेवढे तोंड उघडतो. विदर्भात खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतू साचतात आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात. अशा रुग्णाच्या तोंडात कधी एकच मावते. तेथे आरसा आणि यंत्र एकत्र न्यायचे कसे, हे विद्यार्थी प्रथम रुग्णावरच शिकतो.

संगणकाशी जोडलेली नवी यंत्रे हातावर उलट दाब देऊन कठीण-मऊ भासवतात. ती उपयुक्त आहेत, पण महाग आहेत. त्यांची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. बाहुल्याच्या जबड्याला अटकाव लावून तोंड कमी उघडे ठेवता येते. काढलेले, निर्जंतुक केलेले किडके दात त्यात बसवता येतात. गुण देताना आकाराबरोबर पाण्याचा वापर आणि शिल्लक राखलेला निरोगी भागही मोजता येतो.

प्रतिकृती वास्तवाहून सोपी असणारच. शाळेतल्या प्रयोगाचेही तसेच असते. मात्र कोणती अडचण वगळली आहे, हे शिकवणाऱ्याने सांगितले पाहिजे. ते सांगितले नाही, तर उरलेला धडा रुग्णाच्या वेदनेतून शिकला जातो.