'उत्क्रांती' ही संज्ञा आणि मानवाचे भवितव्य

मानवाची उत्क्रांती यापुढे कोणत्या दिशेने होईल, हा प्रश्न मराठी वैचारिक व ललित लेखनात वारंवार चर्चिला जातो. या चर्चेत भावी मानवाचे जे चित्र उभे राहते, ते बहुधा एकाच ठशाचे असते: विशाल मस्तक, कृश देह, अफाट बुद्धी. जीवशास्त्रात या चित्राला आधार सापडत नाही. त्याचे मूळ पुष्कळ अंशी आपण स्वीकारलेल्या संज्ञेत आहे.

'उत्' या उपसर्गात वर जाण्याचा व बाहेर पडण्याचा, असे दोन्ही अर्थ आहेत. ब्रह्मसूत्रांत 'उत्क्रान्ति' म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे. हाच शब्द आधुनिक काळात जीवशास्त्राच्या कामी लावला गेला, तेव्हा देहत्यागाचा अर्थ मागे पडला आणि ऊर्ध्वगमनाचा तेवढा शिल्लक राहिला. वस्तुतः डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम योजलेलेच नाही. त्याची भाषा वंशक्रमाने होणाऱ्या फेरबदलाची आहे. बंगालीने 'विवर्तन' पत्करले, हिंदीने 'विकास' किंवा 'क्रमविकास', तेलुगू व मल्याळमने 'परिणाम'. यांपैकी सांख्यांचा 'परिणाम' हा शब्द आशयाला सर्वांत जवळचा. कारण त्यात रूपांतर आहे, चढउतार नाही. पण मराठीत त्याचा अर्थ 'फलित' असा रूढ झाल्याने ती वाट बंद झाली. ('विकास' पत्करूनही फारसा लाभ झाला नसता; विकास आता रस्त्यांचा आणि पुलांचाही होतो.)

संज्ञेतील ही शिडी लेखकांच्या हाती सहज येते. दशावतारांत मत्स्यापासून मानवापर्यंतचा क्रम पाहणारे विवेचन त्याच शिडीवर उभे आहे, आणि त्याची पुढची पायरी म्हणून कल्कीकडे बोट दाखवणे ओघानेच येते. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत प्रश्न अधिक सावधपणे हाताळलेला आहे. तेथे माणसापुढे उभा राहतो तो यंत्रमानव, आणि वामनाच्या नावातच धोक्याची सूचना आहे. तथापि माणसाच्या पुढे कोण, हा प्रश्न तेथेही पायरीचाच राहतो. माणूस माणूसच राहून त्याच्यात काय बदलत आहे, या प्रश्नाकडे मराठी लेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे.

त्या प्रश्नाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक मोठ्या प्रमाणात आढळते. हे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आले तर मुलाला हिवतापाच्या तीव्र स्वरूपापासून संरक्षण लाभते. दोघांकडून आले तर रक्तक्षयाचा दुर्धर विकार जडतो. अँथनी अ‍ॅलिसनने आफ्रिकेत १९५४ मध्ये हा संबंध दाखवून दिला. म्हणजे जे जनुक एका परिस्थितीत तारक, तेच दुसरीत मारक. हिवताप हटला की त्याचा लाभ नाहीसा होतो आणि अपाय तेवढा उरतो. २०२३ साली या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात रक्ततपासणी व विवाहपूर्व समुपदेशन यांना महत्त्वाचे स्थान आहे. येथेही शब्द तपासून घेणे इष्ट. दोन वाहकांनी परस्परांशी विवाह टाळला तर रुग्ण बालके जन्मणार नाहीत, पण जनुक वाहकांमधून पुढे जातच राहील. किंबहुना निवडीचा दाब कमी झाल्याने ते अधिक काळ टिकेल. निर्मूलन होईल ते रोगाचे, जनुकाचे नव्हे. याला प्रगती म्हणावे की अधोगती, हा प्रश्नच गैरलागू आहे. वैद्यकाने निवड थांबवली असेही म्हणता येत नाही. निवडीचे ठिकाण बदलले, एवढेच.

हे ठिकाण विवाहाचे आहे, आणि त्याचा विचार मराठी विद्वत्तेला अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ मध्ये महाराष्ट्राची मानवमितीय मापने प्रसिद्ध केली, ती अंतर्विवाही जातींचे गट धरून. 'वर्ण' हा शब्द सोडून 'जात' या प्रत्यक्ष घटकाकडे वळण्याचा त्यांचा आग्रह संज्ञाविवेकाचाच नमुना होय. भारतीय समाजगटांच्या जनुकांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दर्शवितो की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे व्यापक संकर घडला आणि नंतर अंतर्विवाहाची कुंपणे दृढ झाली. ही कुंपणे टिकतात की ढासळतात, यावर येथील मानवाचे भवितव्य मस्तकाच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून आहे.

सीबीडी बेलापूरकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आगरी-कोळी गावांच्या शेजारी नवे नगर वसले. घाटावरची, कोकणातली, केरळ-तमिळनाडूतली, उत्तरेकडची कुटुंबे तेथे एकाच जिन्यावर नांदू लागली. भाषेचा संकर अशा ठिकाणी एका पिढीत होतो: घरी 'गारी' म्हणणारे आगरी मूल शाळेत 'गाडी' म्हणते, आणि त्याचा मल्याळी सोबती दोन्ही रूपे ओळखतो. विवाहाचे तसे नाही. २०११-१२ च्या अखिल भारतीय मानवविकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. बोली जिना ओलांडते, सोयरिकीला मात्र अजून पोटजात विचारली जाते.