परंपरेचे माप

विद्यापीठांतील विद्यार्थी-परंपरांविषयी जे लेखन होते त्यात बहुधा दोनच सूर लागतात. एक माजी विद्यार्थ्यांच्या गहिवराचा, दुसरा बाहेरच्यांच्या चेष्टेचा. परंपरेतून एका पिढीकडून दुसरीकडे नेमके काय जाते, हा प्रश्न दोन्हींत निसटतो. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची ‘बॉनफायर’ ही प्रथा त्यासाठी तपासण्याजोगी आहे.

कॉलेज स्टेशन येथील या विद्यापीठाचे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी फुटबॉलचे जुने वैर. ते आधी भाषेत दिसते. दोघांच्याही क्रीडागीतांत प्रतिस्पर्ध्याचा नावानिशी उल्लेख आहे. ए अँड एमचे विद्यार्थी तर ऑस्टिनकरांची आद्याक्षरे उलटी करून, तीही लहान लिपीत लिहितात. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नसल्याने हा अपमान मराठीत उतरवता येत नाही; पण अक्षराच्या आकाराने माणसाला खुजे करण्याची ही युक्ती मोठी बोलकी आहे. त्याच वैराचे दृश्य रूप म्हणजे सामन्याआधी पेटवायची प्रचंड होळी. प्रतिस्पर्ध्याला हरवण्याच्या जळत्या इच्छेचे ते प्रतीक, असा तिचा अर्थ सांगितला जाई.

परंपरेने या होळीचा आरंभ 1909 मध्ये धरतात. तेव्हा तो केरकचरा आणि सापडेल त्या लाकडांचा ढीग होता. 1935 साली विद्यार्थ्यांनी एका शेतकऱ्याचे कोठारच सरपणासाठी उचलून नेले, तेव्हा विद्यापीठाने यात लक्ष घातले आणि लाकूडतोडीला अधिकृत मान्यता दिली. पुढे ढिगाचा मनोरा झाला. 1969 मध्ये तो 109 फुटांवर गेला, मग 55 फुटांची मर्यादा आली. 1963 साली केनेडींच्या हत्येमुळे होळी पेटली नाही. एरवी खंड पडला नाही.

18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास सुमारे पाच हजार ओंडक्यांचा, 59 फुटांचा मनोरा रचता रचता कोसळला. अकरा विद्यार्थी आणि एक माजी विद्यार्थी मरण पावले, सत्तावीस जखमी झाले. चौकशी आयोगाचा अहवाल 2000 साली आला. वरच्या थराचे ओंडके खालच्या थरात पाचरीसारखे ठोकल्याने आतून बाहेर ताण आला. तो पेलेल इतकी बांधणी मजबूत नव्हती. पूर्वी खालच्या थराभोवती आवळलेले पोलादी दोर त्या वर्षी नव्हते. त्याचबरोबर, रचनेची अभियांत्रिकी तपासणी होईल अशी व्यवस्थाच विद्यापीठाने उभी केली नव्हती, हेही अहवालाने नोंदवले. अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या संस्थेविषयीचे हे वाक्य आहे.

माझ्या मते त्या अहवालाचे खरे मोल इथे आहे. एखाद्या दोषी माणसाचे नाव शोधण्यापेक्षा तो परंपरेच्या कामकाजाचे वाचन करतो. गवंडी किंवा सुतार हाताखालच्या पोराला माप देतो, आणि ते माप का, हेही सांगतो. विद्यार्थ्यांची पिढी चार वर्षांची. नव्वद वर्षांत अशा वीसेक पिढ्या झाल्या. त्यांत उत्साह, शिरस्त्राणांचे रंग, गाणी, हुद्दे अचूक पोहोचले. दोर का आवळायचा, हे मात्र वाटेत गळाले. 1994 मध्ये ओल्या जमिनीवर मनोरा कलला, तो उतरवून विद्यार्थ्यांनी पुन्हा रचला. जमीन आणि रचना यांविषयीचा तो इशारा होता. जिद्दीच्या कौतुकात तो ऐकू आला नाही.

परंपरेच्या पाठीराख्यांचे म्हणणे मात्र झटकून टाकू नये. एकत्र राबण्यातून येणारी जवळीक खरी होती. अपघातानंतर फुटबॉलचे खेळाडू ओंडके हलवायला धावले, ते त्याच जवळिकीतून. ऑस्टिनच्या विद्यार्थ्यांनी सामन्यापूर्वीचा आपला मेणबत्त्यांचा मेळावा शोकसभेत बदलला, आणि सामन्याच्या मध्यंतरात त्यांच्या वाद्यवृंदाने टोप्या उतरवल्या. शंभर वर्षांच्या वैरातला हा बहुधा सर्वांत उन्नत प्रसंग, आणि त्याला होळीची गरज पडली नाही. म्हणजे चुरशीचे मूल्य आगीच्या उंचीवर अवलंबून नव्हते.

2004 मध्ये त्याच जागी स्मारक झाले. तेथील बारा दारे त्या बारा जणांच्या मूळ गावांच्या दिशेने उघडतात. या दारांमधून पाहिले की ‘विद्यार्थीवर्ग’ हा सामूहिक शब्द विरघळतो आणि एकेका घराची दिशा उरते. 2011 नंतर थांबलेला सामना 2024 साली पुन्हा सुरू झाला, तेव्हा होळी विद्यापीठात परत आणण्याचा विचार झाला आणि कुलप्रमुखांनी नकार दिला. आवारापासून दूर काही विद्यार्थी ती स्वतंत्रपणे पेटवतात. नकार योग्यच होता. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. जिच्या रचनेची कारणे नव्या मुलांना सांगता येत नाहीत आणि जिला प्रश्न विचारणे निष्ठेचा अभाव ठरते, अशी कोणतीही प्रथा, मग ती कोणत्याही देशातली असो, याच तपासणीला पात्र आहे.