आकृतिसंकोच आणि अर्थहानी : प्रारूपाकृतींच्या मुद्रणाचा विचार

प्रारूपे रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली आकृती कागदावर उतरविणे हे काम सामान्यतः लेखनिकाचे समजले जाते. अभ्यासकाने प्रारूपातील घटक व त्यांचे परस्परसंबंध निश्चित करावेत, आणि छपाईच्या खिडकीतील चारदोन पर्याय कोणीही निवडावेत, अशी ही श्रमविभागणी आहे. आकृतीचा अर्थ तिच्या रचनेत असतो व आकारमान हा केवळ सोयीचा प्रश्न असतो, हे गृहीत तिच्या मुळाशी आहे. नकाशाविषयी असे गृहीत कोणी धरणार नाही. ज्यावर प्रमाण छापलेले नाही तो नकाशा अपुराच मानला जातो. प्रारूपाकृती मात्र ‘एका पानात बसवा’ हा पर्याय निवडून छापली जाते, प्रबंधाच्या परिशिष्टात जोडली जाते, आणि ती वाचता येते किंवा नाही याची चौकशी सहसा होत नाही. हे गृहीत कितपत टिकते, हे तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१

प्रथम तीन वस्तूंमधील भेद लक्षात घ्यावयास हवा : प्रारूप, आकृती आणि कागद. यूएमएल या नावाने ओळखली जाणारी एकीकृत प्रारूपभाषा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९७ साली स्वीकारली. या भाषेत प्रारूप म्हणजे वर्ग, त्यांचे गुण, त्यांची कार्ये व त्यांचे संबंध यांचा संच. आकृती हे त्या संचाचे एक दर्शन होय. एकच वर्ग अनेक आकृत्यांत येऊ शकतो, आणि एका आकृतीत सर्व वर्ग यावेत असे बंधन नाही. कागद ही तिसरी वस्तू. तिची मापे प्रारूपाने नव्हे, तर गिरणीने आणि प्रिंटरने ठरविलेली असतात.

सॉफ्टवेअरांना हा भेद अंशतः मान्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिजिओमध्ये रेखनाचे पान आणि प्रिंटरचा कागद यांची मापे वेगवेगळी ठेवता येतात. आकृती किती टक्क्यांनी लहान करावी, अथवा ती आडवी व उभी किती कागदांत बसवावी, हे सांगण्याची तेथे सोय आहे. ग्राफव्हिझमध्ये आकृती शब्दांत लिहिली जाते आणि तिची मांडणी यंत्र करते. तेथे ‘साइझ’ या गुणाने आकृतीची कमाल मापे इंचांत देता येतात; आकृती त्याहून मोठी झाली तर ती सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात आक्रसली जाते. या आक्रसण्यात अक्षरेही येतात. ग्राफव्हिझमध्ये अक्षरांचा आकार, वेगळे न सांगितल्यास, १४ पॉइंट असतो. मूळ संहितेत १४ हा आकडा वाचणाऱ्यास कागदावर १४ पॉइंटचेच अक्षर मिळेल असे नाही. संहितेतील आकडा आणि छापील वास्तव यांच्यात एक गुणक उभा असतो, आणि तो गुणक छापील पानावर कोठेही नोंदविलेला नसतो. मुख्य दोष हाच आहे.

२

आक्रसण्याचा परिणाम मोजून पाहणे अवघड नाही. ए-मालिकेतील कागदांच्या बाजूंचे प्रमाण एकास दोनाचे वर्गमूळ असे असते. त्यामुळे ए३ वरील आकृती ए४ वर आणताना ती सुमारे ७१ टक्के होते, आणि ए० वरची ए४ वर आणताना २५ टक्के. पहिल्या उदाहरणात १४ पॉइंटचे अक्षर जवळजवळ १० पॉइंटचे होते व वाचनीय राहते. दुसऱ्यात ते साडेतीन पॉइंटचे होते.

येथे एक आक्षेप संभवतो : अक्षरे बारीक झाली तरी आकृतीचा सांगाडा दिसतोच, कोणता घटक कोणाशी जोडलेला आहे हे कळते. आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु जोडणी आहे एवढेच सांगणे हे यूएमएलचे प्रयोजन नव्हे. ती कोणत्या जातीची आहे हे सांगणे तिचे खरे काम आहे, आणि ही जात अत्यंत लहान खुणांवर अवलंबून असते. रेषेच्या टोकाशी भरीव समभुज चौकोन असेल तर अंश पूर्णाच्या मालकीचा, पोकळ असेल तर तो केवळ समाविष्ट. पोकळ त्रिकोण अखंड रेषेवर असेल तर सामान्यविशेषभाव, तुटक रेषेवर असेल तर करारपूर्ती. भरीव आणि पोकळ, अखंड आणि तुटक हे भेद येथे ध्वनिविचारातील व्यवच्छेदक लक्षणांसारखे आहेत : एक लक्षण गळले की दोन चिन्हे एकरूप होतात. चतुर्थांशावर आलेल्या आकृतीत पोकळ चौकोनाच्या कडा एकमेकींना भिडतात आणि तुटक रेषेतील अंतरे बुजतात. सांगाडा उरतो, विधान बदलते.

झाक बेर्तँ यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखीय चिन्हविद्येवरील ग्रंथात स्थानाबरोबरच आकारमान, छटा, पोत, रंग, दिशा व आकार ही दृश्य चले सांगितली. डॅनियल मूडी यांनी २००९ साली सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील दृक्‌संकेतांची चिकित्सा करताना, चिन्हे एकमेकांपासून सहज ओळखू येणे हे संकेतव्यवस्थेचे एक प्रमुख तत्त्व मानले. यूएमएल या चलांपैकी मोजकीच वापरते. रंगाला तर तिने ठराविक अर्थ दिलेलाच नाही. त्यामुळे रंग हा प्रत्येक रचनाकाराचा खासगी संकेत ठरतो, आणि काळ्या शाईच्या प्रिंटरवर तो निमूटपणे नाहीसा होतो. प्लँटयूएमएलमध्ये आकृती एकरंगी करण्याची आज्ञा आहे. ती आधीच देऊन पाहिली, तर रंगावाचून कोणता भेद उरत नाही हे छपाईपूर्वीच समजते.

३

हा प्रश्न देवनागरीत अधिक तीव्र होतो. रोमन लिपीतील यूएमएलमध्ये अमूर्त वर्गाचे नाव तिरक्या अक्षरांत लिहिण्याचा संकेत आहे. तिरक्या ठशाला रोमन मुद्रणात आल्डस मानुशियस याच्या १५०१ सालच्या व्हेनिस येथील छपाईपासूनची परंपरा आहे, व वाचकाची नजर तिला सरावलेली आहे. देवनागरीच्या लेखनपरंपरेत तिचा प्रतिरूप नाही. यंत्र उभ्या अक्षराला केवळ कलते करते. लहान आकारात तो कल शिरोरेषेखाली जाणवतही नाही. स्थायी गुणांखाली अधोरेषा काढण्याचा संकेत असाच अडचणीचा आहे : उकार, ऊकार व हलन्त यांची जागा अक्षराच्या खालीच असल्याने रेषा त्यांना छेदते.

सर्वांत गंभीर हानी अनुस्वाराची. एका बँकेच्या प्रारूपात ‘खातेदाराचे खाते’ आणि ‘खातेदारांचे खाते’ असे दोन संबंध आहेत असे समजू. पहिले एका व्यक्तीचे, दुसरे संयुक्त. मराठीत हा वचनभेद येथे एका बिंदूवर उभा आहे. बिंदूचा व्यास अक्षराच्या आकारमानाचा दशांश धरला, तर साडेतीन पॉइंटच्या अक्षरात तो सुमारे ०.१२ मिलिमीटर भरतो. चाळीस सेंटिमीटर अंतरावरून सामान्य डोळ्याला वेगळे दिसू शकणारे अंतरही साधारण तेवढेच असते. ६०० बिंदू प्रतिइंच छापणारा प्रिंटर तो अनुस्वार इमानाने छापील, परंतु वाचकाला तो दिसेलच असे म्हणता येत नाही. शेजारील ‘१’ आणि ‘१..*’ हे संख्यानिर्देशही त्याच प्रमाणात आक्रसलेले असल्याने त्यांचा आधार उरत नाही. यंत्राची सूक्ष्मता वाढवून ही अडचण सुटणारी नाही, कारण मर्यादा यंत्राची नसून वाचकाच्या दृष्टीची आहे.

आणखी एक तांत्रिक बाब. आकृती एसव्हीजी स्वरूपात ठेवली व तीत फाँट समाविष्ट केला नाही, तर चौकटी एका फाँटच्या मापाने आखल्या जातात आणि अक्षरे दुसऱ्या यंत्रावरील वेगळ्या फाँटमध्ये उमटतात. जोडाक्षरांची रुंदी फाँटगणिक बदलत असल्याने नावे चौकटीबाहेर येतात. म्हणून छपाईसाठी फाँट समाविष्ट असलेली पीडीएफ प्रत करणे श्रेयस्कर.

४

आक्रसण्याला पर्याय म्हणून आकृतीचे अनेक पानांत तुकडे केले जातात. ग्राफव्हिझमध्ये ‘पेज’ हा गुण दिल्यास आकृतीवर पानांची जाळी अंथरली जाते, मात्र ही सोय पोस्टस्क्रिप्ट स्वरूपापुरती मर्यादित आहे. प्लँटयूएमएलमध्येही आडव्या-उभ्या पानांची संख्या सांगता येते. अक्षरे यामुळे वाचनीय राहतात, पण छेद कोठून जावा हे अर्थ ठरवीत नाही, कागदाची कड ठरविते. एखादा वर्ग मधोमध चिरला जातो. एखादी रेषा कडेवर संपते आणि पुढे कोठे गेली याचा निर्देश राहत नाही. प्रवाहचित्रांच्या जुन्या परिपाठात अशा जागी पंचकोनी चिन्ह काढून पुढील पानाचा हवाला दिला जाई. यांत्रिक तुकड्यांना हे सौजन्य ठाऊक नाही.

५

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, योग्य उपाय छपाईच्या खिडकीत नसून तिच्या अलीकडे आहे. प्रारूप आणि आकृती भिन्न आहेत, ही मोकळीक भाषेनेच दिलेली असताना संपूर्ण प्रारूप एकाच आकृतीत कोंबण्याचा आग्रह निष्कारण आहे. कागदाचे माप आधी ठरवावे, १०० टक्के प्रमाणात जेवढे वर्ग वाचनीय राहतील तेवढेच एका आकृतीत घ्यावेत, आणि समान वर्गाचे नाव दोन्ही आकृत्यांत ठेवून त्यांना जोडावे. यूएमएलच्या अलीकडील आवृत्त्यांना अमूर्त वर्गासाठी महिरपी कंसातील शब्दही मान्य आहे. देवनागरीत तिरक्या ठशाऐवजी तोच वापरावा. ज्या संबंधात वचनभेद निर्णायक आहे तेथे केवळ अनुस्वारावर न विसंबता ‘संयुक्त खाते’ असे स्वतंत्र नाव द्यावे. आक्रसणे अटळच असेल तर छापील प्रमाण आकृतीखाली नोंदवावे.

पडद्यावर आकृती मोठी करून पाहता येते, मग कागदाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पडद्यावर प्रमाण वाचक ठरवितो. कागदावर ते लेखकाने एकदाच ठरविलेले असते आणि वाचकाला ते बदलता येत नाही. हस्तलिखितातील पाठभेद नोंदविताना एका मात्रेची दखल घेणाऱ्या अभ्यासकाने स्वतःच्याच आकृतीतील मात्रा गळू द्याव्यात, ही विसंगती आहे. छपाईचे प्रमाण निवडणे हा पाठसंपादनाचाच भाग होय, आणि ती जबाबदारी अभ्यासकाला लेखनिकावर सोपविता येणार नाही.