चौकशी घराची की कामाची?

काही दिवसांपूर्वी आमच्या महिला मंडळात 'गोल्डा' हा चित्रपट दाखवण्यात आला. गाय नातीव यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२३ साली आला. त्यात गोल्डा मेयर यांची भूमिका हेलन मिरन यांनी केली आहे. चित्रपट संपला, चहा आला आणि चर्चा सुरू झाली. पण चर्चा कशाची? बाई किती सिगरेटी ओढत होत्या! नवऱ्याजवळ का राहिल्या नाहीत? मुलांकडे कोण बघत होते? एक भगिनी म्हणाल्या, "जिला स्वतःचे घर सांभाळता आले नाही, ती देश काय सांभाळणार?" बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी त्या वेळी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून हे चार शब्द.

मी गोल्डाबाईंची भक्त नाही, हे आधीच सांगून टाकते. पण मी ३४ वर्षे प्रसूती विभागात नर्स होते. रात्रपाळीला निघताना माझा मुलगा दारात रडत असे, आणि "एवढे काय पैशाचे अडले आहे?" असे शेजारणी माझ्या सासूबाईंना विचारीत. त्या रात्री माझ्या हातून किती बाळे सुखरूप जगात आली, हे मात्र कोणी विचारले नाही. म्हणून त्या भगिनींचे बोलणे मला लागले.

गोल्डाबाईंनी आपले आत्मचरित्र १९७५ साली प्रसिद्ध केले. ज्यांना त्यांच्या घराची चौकशी करायची आहे, त्यांनी आधी ते वाचावे. बाईंनी काही लपवलेले नाही. १९२१ साली त्या पती मॉरिस यांच्याबरोबर या देशात आल्या आणि मेरहाविया किबुत्झमध्ये राहू लागल्या. पुढे यरुशलेममध्ये इतकी गरिबी आली की, मुलाच्या बालवाडीची फी भागवण्यासाठी त्यांनी त्या शाळेचे कपडे धुतले. १९२८ साली त्या कामकरी स्त्रियांच्या संस्थेच्या चिटणीस झाल्या, आणि तेव्हापासून संसार दोन ठिकाणी वाटला गेला. मुलगी सारा मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडली, तेव्हा तिच्या उपचारासाठी १९३२ साली त्यांनी अमेरिकेतले काम मागून घेतले. १९५१ साली मॉरिस वारले, तेव्हा त्या परदेशी होत्या. ही सल त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत प्रांजळ वाटला. जिने स्वतःवर एवढा ठपका ठेवला, तिच्यावर आपण आणखी काय ठेवणार? घरोघरी मातीच्या चुली. फरक इतकाच की आपल्या चुली कोणी सिनेमात दाखवत नाही.

आता कामाचा हिशेब पाहू. १९४९ ते १९५६ या काळात त्या मजूरमंत्री होत्या. आज आपण सर्व ज्या बितुआह लेउमीचे पेन्शन घेतो, तिचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत १९५३ साली झाला आणि १ एप्रिल १९५४ पासून अमलात आला. त्यात प्रसूतीचे अनुदान होते, आणि ते रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला मिळे. ज्या बायका घरीच बाळंत होत, त्या या पैशाच्या निमित्ताने दवाखान्याची पायरी चढल्या. रक्तस्राव आणि अडलेले बाळंतपण काय असते, हे जिने डोळ्यांनी पाहिले आहे, तिला या एका कलमाची किंमत कळते. त्याच १९५४ साली नोकरदार स्त्रियांना १२ आठवड्यांची बाळंतपणाची रजा देणारा कायदा झाला. मंडळात चहा घेत बसलेल्या कितीतरी जणींनी ही रजा घेतली असेल. पण त्या दिवशी याचा उल्लेख कोणी केला नाही, आणि चित्रपटातही त्याला जागा नाही. त्यात सिगरेटचा धूर इतका आहे की मजूरमंत्री गोल्डा दिसतच नाहीत.

पण कामावरून जोखायचे म्हणजे नुसते गुण गायचे नव्हेत. १९७१ साली मोरोक्को वगैरे देशांतून आलेल्या घरांतली 'ब्लॅक पँथर्स' ही तरुण मंडळी आपले गाऱ्हाणे घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा बाईंनी ती मुले काही भली नाहीत असा शेरा मारला. पूर्वेकडून आलेल्या आपल्यासारख्यांना तो विसरता येत नाही. आणि १९७३ चे युद्ध! ६ ऑक्टोबरला, योम किप्पूरच्या दिवशी, देश बेसावध सापडला आणि अडीच हजारांहून अधिक जवान मारले गेले. आग्रानात आयोगाने एप्रिल १९७४ मध्ये त्यांना दोषमुक्त केले, तरी लोकांनी केले नाही, आणि त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. आदल्या दिवशीच सैन्य बोलवायला हवे होते, हे त्यांनी आत्मचरित्रात मान्य केले आहे. वाद घालायचा तर यावर घालावा. नवऱ्याच्या आणि सिगरेटींच्या गप्पांत हा खरा हिशेब राहून जातो, आणि पुढाऱ्याला त्याचा फायदाच होतो.

मग खाजगी गोष्ट कधीच विचारू नये काय? तसेही नाही. आपले वाडवडील कीर्तनातून दावीद राजाची कथा ऐकत. बथशेबाची गोष्ट पवित्र शास्त्राने झाकून ठेवलेली नाही. कारण दाविदाने राजाची सत्ता वापरून उरीयाला रणात मरायला पाठवले. पाप घरातले असले तरी त्यासाठी सिंहासन वापरले गेले, म्हणून नाथान संदेष्टा दरबारात उभा राहिला. हीच कसोटी मला योग्य वाटते. घरातली गोष्ट जेव्हा कामाला स्पर्श करते, तेव्हा ती सर्वांची होते.

या कसोटीवर गोल्डाबाईंची एकच खाजगी गोष्ट विचारण्याजोगी ठरते, ती म्हणजे त्यांचा आजार. त्यांना कर्करोग होता आणि तो अनेक वर्षे गुप्त ठेवला गेला. १९७८ च्या डिसेंबरात त्या वारल्यावर लोकांना कळले. चित्रपटात त्या गुपचूप उपचार घेताना दिसतात. नर्स म्हणून मी रोग्याचे गुपित उभा जन्म राखले. पण जिच्या एका शब्दावर हजारो मुले रणात जातात, तिच्या प्रकृतीविषयी प्रश्न विचारण्याचा लोकांना हक्क आहे, असे मला वाटते. चित्रपटाने हा प्रश्न दाखवला, हे चांगले केले.

शेवटी आपल्या समाजाविषयी. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने आज्ञा काढली की बेने इस्राएल मुलामुलींचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करावी. आपण शब्बाथ पाळला की नाही, या देशात घाम गाळला की नाही, हे कोणी पाहिले नाही. पाहिले ते आजीचे कूळ! १९६४ साली आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली, तेव्हा क्नेसेटने आपली बाजू घेतली आणि रब्बीनेटला त्या आज्ञेतून आपले नाव काढावे लागले. माणसाचे काम सोडून त्याच्या घरात डोकावणे म्हणजे काय, हे आपण सोसले आहे. तेच आपण दुसऱ्याला करावे काय?

मंडळाच्या पुढच्या सभेला मी जाणार आहे. त्या भगिनी भेटल्या तर एवढेच विचारीन, "ताई, तुमच्या बाळंतपणाची रजा किती आठवड्यांची होती?"