‘शिवभारता’तील रायबागन व गुप्तवार्तेची चिकित्सा

हेरांनी आणलेली वार्ता व तिच्यावरून काढलेले अनुमान ह्या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद न राखल्याचा परिणाम कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यातील उंबरखिंडीच्या प्रसंगात दिसतो. शायिस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान फेब्रुवारी १६६१ मध्ये ह्या खिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याकडून कोंडला गेला. त्याच्या सैन्यात माहूरची रायबागन होती.

घाट उतरेपर्यंत खानाला विरोध झाला नाही. विरोध नाही म्हणजे शत्रू नाही, हे त्याचे अनुमान. परंतु शत्रू दूर असता वाट जशी मोकळी असते, तशीच तो दबा धरून बसला असताही असते. दोन्ही तर्कांशी सारखेच जुळणारे प्रमाण त्यांतील कोणताच सिद्ध करीत नाही. अमेरिकन गुप्तवार्ता-अभ्यासक रिचर्ड्स ह्यूअर ह्यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व प्रतिपादिले आहे : आवडत्या तर्काला पोषक पुरावे गोळा करण्यापेक्षा पर्यायी तर्क समोर ठेवून त्यांतील कोणता खोडला जातो, हे पाहावे.

काव्यात रायबागन खानाला त्याची चूक दाखवून शरण जाण्याचा सल्ला देते; खान तो मानतो व अभय मिळवून सुटतो. ह्यावरून तिच्या दूरदृष्टीचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तिचे भाषण सैन्य कोंडले गेल्यानंतरचे आहे. ते भाकीत नव्हे, निदान होय. शिवाय ते रचणारा कवी विजेत्याच्या आश्रयाचा. शत्रुपक्षातील शहाण्या स्त्रीच्या मुखी नायकाचा प्रभाव वदविणे त्याच्या काव्यहेतूस अनुकूलच होते. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे इतिहासाचा पुरावा मानता येणार नाहीत.

तथापि त्या भाषणातील युक्तिवादाचे मोल ह्यामुळे घटत नाही. पुढे जाणे, मागे फिरणे व लढणे हे पर्याय एकेक करून निकालात निघाल्यावर उरलेला मार्ग स्वीकारणे ही शुद्ध तर्काची रीत आहे. रायबागनचे शहाणपण मानावयाचे ते येथे : स्वपक्षाचा अभिमान तिने अनुमानाच्या आड येऊ दिला नाही. परमानंदाचे काव्य वाचणाऱ्या अभ्यासकालाही तीच कसोटी लागू आहे. आवडत्या नायिकेविषयी आवडते अनुमान काढताना त्याने कारतलबखानाची वाट धरू नये.