चुकलेला पर्याय काय सांगतो?

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की शाळेचा दिनक्रम बदलतो. सकाळी जादा तास, रविवारी सराव परीक्षा आणि दप्तरात पाठ्यपुस्तकाहून जाड मार्गदर्शिका. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होत असे. २०१७ साली ती पाचवी व आठवीला गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला. इयत्ता बदलत राहिल्या. तयारीची रीत मात्र तशीच राहिली. आमचा आक्षेप परीक्षेपेक्षा या रीतीला आहे.

खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका मिळते, ही या परीक्षेची मोठी जमेची बाजू. पण एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ७२ सेकंद. चारांपैकी एकच पर्याय बरोबर असेल, तर प्रश्न न वाचता वर्तुळे रंगवणाऱ्याचीही सरासरी १८-१९ उत्तरे बरोबर येतील. तेव्हा नुसत्या गुणांवरून मुलाला काय समजले आहे हे कळत नाही.

मार्गदर्शिका या घाईवर ‘युक्त्या’ सुचवतात. ४७ × ३६ किती? गुणाकार करू नका, एककाचे अंक पाहा: सात सक बेचाळीस, म्हणून शेवटी २ असलेला पर्याय निवडा. युक्ती चुकीची नाही. पण एककाचा अंक फक्त एककांच्या गुणाकारावरूनच का ठरतो, दशकांचा त्यावर परिणाम का होत नाही, हे विचारले तर स्थानिक किमतीचा सुंदर पाठ होईल. तो प्रश्न विचारायला मार्गदर्शिकेत जागा नसते. आणि दोन पर्यायांच्या शेवटी २ आला, की युक्तीही संपते.

आता दुसरा प्रश्न घ्या. सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.३५, ०.८, ०.४७, ०.६? काही मुले ०.४७ निवडतात. ती दशांशचिन्ह विसरून ४७ ही संख्या वाचत असतात. म्हणजे चूक निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे नियम आहे. पण खरी गंमत पुढे आहे. काही मुले ‘दशांशचिन्हानंतर अंक कमी, तर संख्या मोठी’ असे मानतात. शतांश दशांशापेक्षा लहान, यावरून त्यांनी बांधलेला हा तर्क. अशा मुलाचे उत्तर येते ०.८. बरोबर! गुण मिळतात आणि गैरसमज सुखरूप राहतो. त्याला ०.५ आणि ०.७५ मधली मोठी संख्या विचारा, म्हणजे तो उघड होईल.

म्हणून आमचे म्हणणे असे, की सराव परीक्षेतली सर्वांत मोलाची माहिती चुकलेल्या पर्यायांत असते आणि आपण नेमकी तीच टाकून देतो. उत्तरसूची वाचली, बेरीज केली, पुढचा संच घेतला, इथेच बहुतेक तयारी संपते. त्याऐवजी संच निम्मे करावेत. प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय किती मुलांनी निवडला, याचा तक्ता फळ्यावर मांडावा. एकाच चुकीच्या पर्यायावर बरीच मुले थांबली असतील, तर तो धडा पुन्हा शिकवायला हवा. ‘हाच पर्याय का निवडलास?’ हे बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारावे. यात वेळ जातो. पण दहा संच सोडवून तीच चूक दहा वेळा होण्यापेक्षा तो कमीच.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. नेहमीच्या शिकवण्यात मागे पडणारी मुले ओळखावीत व त्यांना वेगळी मदत मिळावी, हा तिचा हेतू होता. आपल्याकडे उलट घडताना दिसते. चाचणी घेऊन दहा-बारा ‘चमकणारी’ मुले निवडली जातात, जादा तास त्यांना मिळतात, आणि ०.४७ निवडणारी मुले मागच्या बाकावर राहतात. त्यांची चूक कोणी वाचलेलीच नसते.

शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळणार. पण तिच्या तयारीचा उपयोग सबंध वर्गाला व्हावा, हे आपल्या हातात आहे. पुढच्या सराव परीक्षेनंतर निदान एका प्रश्नाचा असा तक्ता करून पाहा.