पाच आत्याबाई

ओरेगनमधला आमचा भाचा घरच्या घरी लाल एल नावाची कडू बिअर करतो आणि तीत पाच जातींचे हॉप्स घालतो. हॉप्स म्हणजे वेलीची हिरवी फुलं. गोडा मसाला नव्हे! मला विचाराल तर जाती दोनच पुरेत. चिनूक तासभर उकळावा. त्यात अल्फा आम्ल १२ ते १४ टक्के, तेव्हा थोडक्यातच कारल्याचं काम होतं. १९७२ साली आलेला कॅस्केड शेवटच्या पाच मिनिटांत टाकावा, म्हणजे त्याचा पपनसासारखा वास उडून जात नाही. लाल रंग देणाऱ्या कॅरॅमल माल्टला अंगची गोडी असते. कडूपणानं तिच्याशी भांडावं जरूर, पण तिला घराबाहेर काढू नये. नाहीतर एल लाल केलीच कशाला? पाच हॉप्स म्हणजे लग्नघरातल्या पाच आत्याबाई: बोलतात सगळ्या, ऐकू एकीचंही येत नाही!